चौथ्या मजल्यावरची हवा

बोगोटा, ६ ऑगस्ट २०१८

प्रिय एरमिंदाताई,

तुझी लिसेत सुखरूप पोचली. अरिस्तोबुलोकाकांनी तिला त्यांच्या बसमधून स्वतः उतरवलं आणि थेट माझ्या हाती दिलं. सोबत बटाट्यांचं पोतं, चीज आणि दोन लोकरी पांघरुणंही. मी एकटी बाई, एवढ्या बटाट्यांचं काय करू? तुला काय वाटलं, तुझी मावसबहीण राजधानीत खानावळ चालवते?

नोकरीचं काम झालं. मी जिची देखभाल बघते त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, फोनवर बोलायचं काम आहे. स्पेनमधली माणसं विजेच्या बिलाबद्दल, इंटरनेटबद्दल तक्रारी करतात आणि आमच्या मुली इथून गोड बोलून त्यांची समजूत घालतात. तीन पाळ्या चालतात, त्यामुळे तो मजला कधीच रिकामा नसतो. लिसेतला पहाटेची पाळी मिळाली आहे. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईने तिला विचारलं म्हणे, "पोरी, तू कुठली गं? इतक्या अदबीने आमच्या घरातसुद्धा कुणी बोलत नाही." मी म्हटलं, आईने रट्टे देऊन शिकवलंय, असं सांगायचं होतंस.

आमची इमारत नवी, काचेची आहे. दारातच हरित इमारतीची पाटी आहे: कमी वीज, कमी पाणी, चांगली हवा. प्रत्येक मजल्यावर भिंतीला एक पांढरी डबी असते. तो सेन्सर. माणसांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तो मोजतो. आकडा चढला की पंखे जोरात फिरून बाहेरची हवा आत घेतात, उतरला की मंदावतात आणि वीज वाचते. हे सगळं सुरळीत ठेवायचं, हीच माझी नोकरी.

चौथ्या मजल्यावरच्या मुलींची एक कुरकुर असते, डोकं दुखतं म्हणून. डबीवरचा आकडा मात्र उत्तम आहे. लिसेत म्हणते, "मावशी, दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून दगडाचंही डोकं दुखेल." बाकी ती मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
नूबिया

ग्वीकान, १९ ऑगस्ट

नूबिया,

पत्र मिळालं. तू अशीच लिहीत जा. माझ्या डाव्या कानाने पार संप केलाय, त्यामुळे फोनवर अर्धंच कळतं. आणि दुकानातल्या फोनवर मी बोलणार म्हणजे अख्ख्या गावाने कान टवकारायचे. त्यापेक्षा काकांच्या खिशातलं पत्र बरं.

हवा चांगली की वाईट हे कळायला तुम्हाला भिंतीवरची डबी लागते, हे वाचून मेंढ्यासुद्धा हसल्या. खिडकी उघडा की.

आता नीट ऐक. लिसेतवर नजर ठेव. तिचा बाप कासानारेला कामाला जातो म्हणून डोक्यावर टोपी घालून निघाला, तो अजून टोपी काढायला घरी आलेला नाही. ती पोटात होती तेव्हा मी तिच्याच वयाची होते. तू लग्नच केलं नाहीस, म्हणून सुटलीस. तिच्या मागे कोण येतं, कोण जातं, ते मला कळलं पाहिजे. रोज पोटभर जेवते का, तेही लिही. फोनवर ती सगळ्यालाच हो म्हणते.

बटाटे संपव. पुढच्या महिन्यात आणखी येतायत.

एरमिंदा

बोगोटा, १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मधे लिहायला जमलं नाही, कारण मी भांडणात होते. आणि भांडण जिंकले, म्हणून आज बसून लिहिते आहे.

आमच्या खिडक्या उघडत नाहीत गं, काचा पक्क्या बसवलेल्या आहेत. म्हणून तर डबीवर एवढी भिस्त. पण डोकेदुखीची कुरकुर थांबेना. तेव्हा मी तंत्रशाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीकडून हातात धरायचा मीटर मागून आणला. तो आधी गच्चीवर नेऊन तपासला, मग चौथ्या मजल्यावर डबीशेजारी धरला. डबी म्हणत होती छान. मीटर म्हणत होता, इथे त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

कारण सापडलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. ही डबी स्वतःच स्वतःला जुळवून घेते. काही दिवसांत जी सगळ्यात स्वच्छ हवा तिला भेटेल, ती बाहेरची ताजी हवा असं ती धरून चालते. ज्या ऑफिसला संध्याकाळी कुलूप लागतं तिथे ते बरोबर ठरतं. पण आमचा चौथा मजला कधी रिकामाच होत नाही. बिचारीला ताजी हवा कधी भेटलीच नाही. ती कोंदट हवेलाच ताजी म्हणत गेली. त्यात ती समुद्रकाठच्या जड हवेच्या हिशोबाने बनवलेली. इथल्या डोंगरावरच्या विरळ हवेत ती तशीही कमीच दाखवणार. आणि तिच्यावर विश्वास ठेवून पंखे आपले पेंगत होते.

व्यवस्थापक कासायास साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "नूबिया, मार्चमध्ये प्रमाणपत्राची तपासणी आहे. डबी नियमाप्रमाणे बसवली आहे, आकडा नियमात आहे. तुझं काय दुखतंय?"

"माझं नाही साहेब, मुलींचं दुखतंय."

"मुलींना डोकेदुखीची गोळी दे."

मग मी मालकांना सरळ लिहिलं. माणसं आली, त्यांनी मोजलं, आणि खाली मान घालून परत गेली. आता पंखे पूर्ण वेगाने चालू आहेत आणि नव्या डब्या मागवल्या आहेत. आठवड्याभरात मुलींची डोकी दुखायची थांबली. त्यांनी माझ्यासाठी केक आणला होता. कासायास साहेबसुद्धा एक तुकडा खाऊन गेले.

लिसेतचं डोकं अजून दुखतं, पण दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला डोळ्यांमुळे असेल. तिला चष्मा करायला टाकला आहे. जेवण थोडं कमी झालंय. थंडी बाधली असावी.

तुझी,
नूबिया

ग्वीकान, २५ नोव्हेंबर

नूबिया,

तुझ्या डबीचं कौतुक झालं. आता माझं ऐक.

शेजारच्या मारुहाची थोरली तिकडे शिकते, ती सुट्टीला आली आहे. तिने लिसेतला बसथांब्यावर पाहिलं. गालफडं बसलेली, भिंतीला धरून ओकत होती. हिने हाक मारली तर ओळख नसल्यासारखं बघितलं. मारुहाने हे मला चर्चच्या पायऱ्यांवर, चारचौघींत, अगदी हळू आवाजात सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

ओकारीचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. मी त्यातून गेले आहे. तू डब्या मोजत बसलीस आणि घरातली पोर तुझ्या नाकासमोर हातची गेली. पंधरा दिवस फोन नाही तिचा. का नाही, ते आता कळलं.

तिला हे पत्र वाचून दाखव. म्हणावं, नाताळच्या नोवेनाला, नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, पोट घेऊन माझ्या दारात यायचं नाही. माझ्या आईने मला जे ऐकवलं, तेच मी तुला ऐकवते आहे. मला ते ऐकून घ्यावं लागलं, तूही ऐक.

एरमिंदा

बोगोटा, २ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. गाळून वाचणार होते, पण ती म्हणाली, सगळं वाच. ऐकून ती हसली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती नोवेनाला येऊ शकणार नाही. तिला प्रवास झेपणार नाही. मी कामावरून रजा घेतली आहे आणि तिच्याजवळ आहे. कोणी मुलगा नाही, ताई, एवढं मी तुला सांगते. तू मानणार नाहीस हे ठाऊक आहे. याहून जास्त लिहायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे.

तिच्यावर रागावू नकोस. मी पुन्हा लिहीन.

नूबिया

ग्वीकान, १२ डिसेंबर

नूबिया,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. कोणी मुलगा नाही म्हणतेस. म्हणजे तो पळाला. पळू दे. आमच्या घराला त्याची सवय आहे.

मागचं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. पाठवल्यावर रात्रभर वाटत राहिलं, काकांची बस घाटात गाठून ते परत घ्यावं. आईने मला जे ऐकवलं ते मी वीस वर्षं विसरले नाही, आणि तेच उचलून पोरीला दिलं. तिला सांग, तिची खोली मी सारवून, झाडून ठेवली आहे. पांढऱ्या मेंढीची लोकर बाजूला काढली आहे आणि टोपडं विणायला घेतलंय. मारुहा कुंपणावरून विचारत होती, कोणासाठी? म्हटलं, माझ्या नातवंडासाठी. काय करायचंय ते कर. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

कितवा महिना आहे ते कळव. गुळाचं पाणी पोटात ठरतं का? मला ते ठरायचं. नावही मनात आलंय, पण ते आत्ता सांगत नाही.

एरमिंदा

बोगोटा, १५ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. मी शपथ मोडते आहे. हे पत्र काका आजच्याच बसने आणतील. दुकानात फोन करून असलं काही तुला अर्धंमुर्धं ऐकवायचं मला धैर्य नाही. पत्र वाचलंस की त्याच बसने परत ये. त्यांनी तुझ्यासाठी जागा ठेवली आहे.

लिसेतला मूल होणार नाहीये. ती रुग्णालयात आहे, नोव्हेंबर संपायच्या आतच दाखल केली. तिला क्षय झाला आहे, आणि तो फुप्फुसात थांबला नाही, मेंदूच्या आवरणापर्यंत गेला. ती ओकारी त्याची होती. डोकेदुखीही.

तिच्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी कित्येक महिने खोकत होती. रजा घेतली की हजेरीचा बोनस जातो, म्हणून रोज कामावर यायची. आता सगळ्या मजल्याची तपासणी चालू आहे. आणखी काही मुलींना लागण निघाली आहे, पण त्या औषधाने बऱ्या होतील असं म्हणतात. लिसेतलाही औषध चालू आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. किती, ते सांगत नाहीत.

तुझं रागाचं पत्र वाचलं त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, आईला तसंच वाटू दे. बाळाचं असेल तर ईस्टरपर्यंत माफ करेल. हे कळलं तर मरून जाईल." मी तिचं ऐकलं. आज सकाळी टोपड्याचं वाचलं आणि पुढे वाचवेना. ते पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही. ते तूच येऊन सांग.

ये, ताई. लवकर ये.

नूबिया

ग्वीकान, ३ मार्च २०१९

नूबिया,

जानेवारीत तिची शवपेटी घेऊन तुझ्या दारातून निघाले तेव्हा मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. इथे तिला पुरलं त्या दिवशीही तू मागे उभी होतीस आणि मी वळून पाहिलं नाही. दोन महिने काका विचारतायत, काही पत्र द्यायचंय का. आज देते आहे.

तू औषध आणायला खाली गेली होतीस, त्या दिवशी ती जरा शुद्धीवर आली. मला ओळखलं. म्हणाली, "आई, रागावलीस?" मी म्हटलं, "नाही गं." मी तिला टोपड्याचं सांगितलं, मारुहाच्या तोंडाचं सांगितलं. ती हसली, म्हणजे ओठ हलले. मग म्हणाली, "नाव काय ठेवणार होतीस?" मी कानात सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं आहे." त्यानंतर ती बोलली नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण ते मला एकटीला हवं होतं.

आता मला सांग. हवेने मारलं का तिला? इथे पाद्री म्हणतात देवाची इच्छा, मारुहा म्हणते राजधानीची हवा, परिचारिका म्हणते जंतू. तू हवेचं शिकलेली आहेस. तू सांग.

आणि एक माझं. तुला मूल असतं, तर पोर डोकं दुखतं म्हणाल्यावर तू आधी भिंतीकडे बघितलं नसतंस, तिच्याकडे बघितलं असतंस. हे मनात ठेवून तुझ्याशी गोड बोलणं मला जमणार नाही, म्हणून लिहून टाकलं.

एरमिंदा

बोगोटा, १७ मार्च

प्रिय ताई,

तू विचारलंस म्हणून, मला जेवढं समजतं तेवढं सांगते.

जंतू माणसाकडून आला. डबी जे मोजते, त्या कार्बन डायऑक्साइडने डोकं जड होतं, झोप येते, पण तिथे होता तेवढ्याने माणूस मरत नाही. पण हवा बदलत नाही तेव्हा एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो, मग तिसरा. त्या मजल्यावर महिनोन्महिने तेच चाललं होतं. पंखे नीट फिरले असते तर लिसेतला लागण झालीच नसती का? हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शक्यता कमी झाली असती, शपथेवर सांगता येणार नाही. मीही शपथेवर सांगू शकत नाही. ती इथे यायच्या आधी ती डबी वर्षभर खोटं बोलत होती, एवढं मात्र खरं.

डोकेदुखीचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. सगळ्या मुलींची डोकी कोंदट हवेने दुखत होती, म्हणून लिसेतचंही त्यानेच दुखतंय असं मी धरलं. हवा सुधारली, सगळ्यांची डोकी दुखायची थांबली, तिचं एकटीचं थांबलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी केक खात होते. मी जिंकले होते ना. चष्म्याची फ्रेम निवडायला मी तिच्याबरोबर गेले होते, आणि दुकानदाराला डबीचीच गोष्ट सांगत बसले. ती खुर्चीवर डोळे मिटून बसली होती.

कासायास साहेबांना हलवलं आहे. प्रमाणपत्र थांबवलं आहे, दारातली पाटी काढली, तिथे फिकट चौकोन राहिलाय. नवं प्रमाणपत्र हवं असेल तर अटी बदलल्या आहेत: जी खोली कधी रिकामी होत नाही तिथे स्वतःला जुळवून घेणारी डबी चालणार नाही, उंचीचा हिशोब घातलेला हवा, आणि दर काही महिन्यांनी हातातल्या मीटरने ताडून बघायचं. या अटी लिहायला प्रमाणपत्र देणाऱ्यांनी मलाही बोलावलं. मी गेले. घरी आल्यावर तिची खोली उघडली आणि दार लावून घेतलं.

मूल नसण्याबद्दल काही म्हणत नाही. तिने मला मावशी म्हटलं, एवढंच माझ्याकडे होतं.

नूबिया

ग्वीकान, २८ जुलै

नूबिया,

बटाटे काढून झाले. तुला पाठवलेत. खानावळ चालव.

मधे चार महिने काही लिहिलं नाही. तुझं उत्तर कपाटात ठेवलं होतं, अधूनमधून वाचत होते. तू "माझं काही चुकलं नाही" असं लिहिलं असतंस तर ते चुलीत गेलं असतं.

आज लिहायला कारण घडलं. मारुहा काल माझ्या दारात आली. चर्चच्या पायऱ्यांनंतर पहिल्यांदाच. बराच वेळ मेंढ्यांचं बोलत राहिली. मग म्हणाली, "धाकटीला तिथेच नोकरी लागतेय, त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर. एरमिंदा, पाठवू का?"

मला वाटलं तिला हाकलून द्यावं. कोणाला विचारतेस, म्हणावं. पण ती उंबऱ्यावर शालीचं टोक पिळत उभी होती, आणि मला दिसलं की तिला दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. मी म्हटलं, "बहिणीला विचारते."

तर तू सांग. आता तिथली हवा चांगली आहे का? हो की नाही, एवढंच लिही.

तुझी,
एरमिंदा

बोगोटा, ४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र आल्यावर लगेच उत्तर दिलं नाही. नव्या डब्या बसल्या आहेत, आकडे चांगले आहेत, पण ते मी तुला मागच्या वर्षीही लिहिलं होतं. म्हणून मीटर घेऊन वर गेले. मजल्याच्या चारही कोपऱ्यांत, बसलेल्या मुलींच्या नाकासमोर धरून मोजलं. डबी आणि मीटर एकच बोलतात. मग लिसेतच्या खुर्चीवर पहाटेची पाळी संपेपर्यंत बसले. तिथे आता पास्तो शहरातली एक मुलगी असते, तिने मला जागा दिली आणि स्वतः स्टूल घेऊन बसली. कोणी खोकलं की मी वळून बघत होते. मुली आपसात म्हणाल्या असतील, ही बाई आम्हाला का निरखते आहे. आजाऱ्याला पगारी रजा आता मिळते. तीही खरंच मिळते का, हे मी तिघींना वेगवेगळं विचारलं.

हो, ताई. हवा चांगली आहे.

मारुहाला सांग, मुलीला पाठव. ती माझ्याकडे राहू शकते, खोली आहे. पण एक गोष्ट तिला माझ्या नावाने बजावून सांग. पोर पहिल्यांदा डोकं दुखतं म्हणाली की मारुहाने मला पत्र घालून विचारत बसू नये. काकांच्या बसमध्ये बसावं आणि स्वतः यावं.

तुझी,
नूबिया